छोटी चौपडची लाइन

"तायडेजी, त्रिपोलिया दीजिए, त्रिपोलिया," म्हणत भँवरलालजी खिडकीतून अर्धेअधिक बाहेर झुकले, तोवर दशरथ तायडेंचा नॉब डावीकडे फिरवूनही झाला होता. खाली बाजारातल्या बावीस भोंग्यांतून प्रल्हाद पारीकांचा भरदार आवाज सुटला होता. गणगौरची, म्हणजे गौरीची, स्वारी राजवाड्यातून निघाली आहे, पुढे हत्ती आहे, हत्तीवर निशाण आहे, असं पारीकजी सांगत होते. भँवरलालजींनी समाधानाने मान आत घेतली. आपण सांगितलं म्हणून झालं, असं त्यांना दरवर्षी वाटायचं, आणि तायडे दरवर्षी ते वाटू द्यायचे.

भँवरलालजी मेळा समितीचे सचिव. स्वारीच्या दोन दिवसांपुरती त्यांना त्रिपोलिया बाजारातल्या एका बांधणीवाल्याच्या दुकानावरची, दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळायची आणि तिला ते कंट्रोल रूम म्हणायचे. तिच्यात होतं काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, हाताने फिरवायचा एक जुना फौजी टेलिफोन, एक हेडफोन आणि टेबलाच्या मधोमध तायडेंचा डबा. जेवणाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा, त्यावर एकच नॉब. मागून दोन लायनी आत यायच्या आणि एक बाहेर जायची. आत येणाऱ्यांपैकी एक त्रिपोलिया दरवाजासमोरच्या गच्चीवरच्या माइकची, दुसरी छोटी चौपड ह्या चौकातल्या माइकची. बाहेर जाणारी भोंग्यांकडे जायची. नॉब डावीकडे केला की अख्ख्या बाजारात त्रिपोलिया बोलायचा, उजवीकडे केला की छोटी चौपड, आणि मध्ये ठेवला तर कुणीच नाही.

ह्या डब्याला वीज लागत नव्हती. त्यात ट्रान्झिस्टर नव्हता, साधा दिवासुद्धा नव्हता. चांदीचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट आणि ते फिरवणारा दांडा, एवढाच सगळा संसार. "हा आवाज वाढवत नाही, कमी करत नाही, पदरचं काही मिसळत नाही. आला तसा पुढे पाठवतो," असं तायडे कौतुकाने सांगायचे आणि ऐकणाऱ्याला ह्यात कौतुक कसलं ते कळायचं नाही. खरी गोम तारांत होती. प्रत्येक लाइनीत दोन तारा, दोन्हींत एकच आवाज, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. बाजारभर विजेच्या तारा लोंबत असतात. त्यांची गुणगुण दोघींवर सारखीच बसते, आणि शेवटी एकीतून दुसरी वजा केली की गुणगुण जाते, माणसाचा आवाज तेवढा उरतो. म्हणून लाइन बदलायची तर दोन्ही तारा एका दमात बदलल्या पाहिजेत. एक जरी मागे राहिली तर सगळा बाजार घोंघावत सुटणार. एकोणीस वर्षांत तो एकदाही घोंघावला नव्हता. साउंड सर्व्हिसच्या मालकांनी, नंदकिशोरजींनी, दोनदा मोठा मिक्सर आणायचं काढलं आणि दोन्ही वेळा तायडे म्हणाले, "इसमें बिगड़ने जैसा कुछ है ही नहीं." तायडेंनी आयुष्यात फुशारकी मारली असेल तर ती एवढीच.

एरवी फुशारकी मारावी असं काही नव्हतंच. वडील अकोल्याकडून रेल्वेत बदली होऊन जयपूरला आले आणि इथल्या रेतीत रुजले. दशरथला रेल्वेत चिकटता आलं नाही, तो नंदकिशोरजींच्या वडिलांच्या साउंड सर्व्हिसमध्ये चिकटला. लग्न करून कलावतीला इथे आणलं. पंचवीस वर्षं ती ह्या गावात वऱ्हाडीच बोलली, भाजीवाल्याशीसुद्धा, आणि भाजीवाला ते समजून घेऊ लागला. आता हसनपुऱ्यातल्या दोन खोल्यांत तायडे एकटे राहत. सकाळची पोळी संध्याकाळी खायची, रेडिओ लावायचा आणि निवेदिका श्वास कुठे घेते ते ऐकत बसायचं. त्यांच्याशी बोलायला येणारं कुणी नव्हतं.

मुलगी होती. ती ह्याच गावात, तिलक नगरला राहत होती. रिक्षाने वीस मिनिटं.

चार वर्षांपूर्वी रामनिवास बागेत एक मोठं संमेलन होतं आणि तायडे असेच डब्यापाशी बसले होते. साउंड सर्व्हिसच्या दुकानातला माणूस चिठ्ठी घेऊन आला. कलावतीला हॉस्पिटलात हलवलंय, तब्येत गंभीर आहे, निघा. मंचावर भाषण चाललं होतं, त्यानंतर टेपवरचं गाणं द्यायचं होतं, मग पुन्हा मंच. दुसऱ्या कुणाला नॉब फिरवता आला नसता असं मुळीच नव्हतं. पण तायडेंना तसं वाटलं. अर्ध्या तासात उरकेल म्हणून त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. भाषण पन्नास मिनिटं चाललं. ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा विजयमाला व्हरांड्यात एकटी उभी होती. "आता काहून आले?" एवढंच तिने विचारलं, आणि त्यानंतर विचारायचंही सोडून दिलं. वर्षभराने तिच्या लग्नाचं कार्ड टपालाने आलं. मुलगा श्रीधर, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकवणारा, चांगला. तायडे गेले, जेवले, आहेर ठेवला आणि परत आले.

ह्या वर्षी तायडे येणारच नव्हते. हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नंदकिशोरजीही म्हणाले होते, आता पुरे. पण आठ दिवसांपूर्वी दुकानात समितीचा छापील कागद आला. त्रिपोलिया, प्रल्हाद पारीक. छोटी चौपड, प्राध्यापिका विजयमाला तायडे. लग्नानंतरही तिने आडनाव तेच ठेवलं होतं, हे त्यांना त्या कागदावरून कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "कंट्रोल पर मैं बैठूँगा." पोरीचं पहिलंच जाहीर निवेदन. ते अख्ख्या बाजारात स्वच्छ ऐकू यावं, मध्ये खट्ट होऊ नये, घोंघावू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि कार्यक्रमानंतर निवेदकांना घेवर खायला इथेच बोलावतात. तेव्हा ती वर येईल, काही बोलेल. ही इच्छा मात्र त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

लाइन टेस्ट करायला आदल्या दिवशी छोटी चौपडवर जायला हवं होतं. दरवर्षी ते स्वतः जात आणि निवेदकाला एक गोष्ट बजावून येत. भोंग्यातून आपला आवाज येत नाही म्हणजे आपला माइक बंद आहे, असं समजू नका. माइक बंद नसतो. फक्त पुढचा रस्ता बंद असतो. कंट्रोलवरचा माणूस थांबलेली लाइनसुद्धा हेडफोनवर ऐकत असतो, कारण ती जिवंत आहे की नाही हे त्याला बघावं लागतं. तेव्हा तिथे बसून शिव्या देऊ नका, पान खाऊ नका. ह्या वर्षी तायडे गेले नाहीत. तिच्यासमोर उभं राहून बोलायचा धीर झाला नाही. त्यांनी दुकानातल्या माणसाला धाडलं. त्याने "हॅलो, हॅलो" केलं आणि तो चहा पिऊन परत आला.

आता पारीकजी बाजार गाजवत होते आणि तायडेंच्या कानात छोटी चौपड होती. आधी नुसता गर्दीचा गजबजाट, कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज आला. "पाय वर घेऊन बस गं. कधीपासून लोंबकळत ठेवलेत. सुजतील." हिचं नाव गिरिजा, हे त्यांना थोड्या वेळाने कळलं. तिलक नगरातल्या शेजारच्या डॉक्टरांची बायको, सोबतीला आलेली.

"लोक बघतायत, गिरिजावहिनी. निवेदिका मांडी घालून बसली तर बरं दिसतं का?" विजयमाला म्हणाली.

तायडेंचा हात आपोआप हेडफोनवर गेला आणि त्यांनी तो कानाशी दाबून धरला. चार वर्षांत हा आवाज त्यांनी एवढ्या जवळून ऐकला नव्हता. तो जरा खाली उतरला होता, जाडसर झाला होता.

"बघू देत. चौथा लागला म्हणावं."

"हळू बोला ना."

"कोण ऐकतंय इथे? माइक बंद आहे. तुझा आवाज येतोय का कुठून?"

तायडेंनी भँवरलालजींकडे पाहिलं. ते खिडकीत उभे राहून हत्ती मोजत होते. चौथा लागला. तायडेंनी बोटं मोजल्यासारखं केलं आणि मग आपण काय मोजतोय तेच विसरले. आपण आजोबा होणार आहोत, ही बातमी त्यांना पाचशे मीटर तारेतून कळली होती.

"आई असती ना," विजयमाला म्हणत होती, "तर रोज तिचं डोकं खाल्लं असतं मी. हे खाऊ का, ते खाऊ का, मतलब, ही मळमळ कधी थांबते. श्रीधर बिचारा पुस्तकात बघून सांगतो."

"बाबांना कळवलंस?"

"नाही."

"अगं, एका गावात राहता."

"काय कळवू? त्यांना लाइन सोडून काही ऐकू येत नाही." ती हसली, पण ते हसू काही धड नव्हतं. "आता कामही सोडलं म्हणे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. श्रीधर दुकानात जाऊन नंदकिशोर भैयाला विचारून आला होता, कोण होतं डबा द्यायला, कोण औषध घालत होतं. कुणीच नव्हतं. एकटेच."

इथे खरं म्हणजे तायडेंनी हेडफोन काढायला हवा होता. लाइन जिवंत आहे हे कळलं होतं, त्याच्यापुढचं त्यांचं नव्हतं. तेवढी रीतभात त्यांना होती, आणि एकोणीस वर्षांत त्यांनी ती पाळलीही होती. मंत्र्यांचं, महंतांचं, नाटकवाल्यांचं बरंच काही कानावर आलं आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आज त्यांनी काढला नाही.

"मग जा ना भेटायला," गिरिजा म्हणाली.

"जाते म्हणते. रिक्षात बसायची वेळ आली की तो दिवस आठवतो. आई सारखी विचारत होती, आले का ते. मी म्हटलं, आले, गेटाशी रिक्षाचे पैसे देतायत. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. म्हटलं, सुट्टे नाहीत त्याच्याकडे, आणायला गेलाय. तिसऱ्यांदा मी आपणहूनच सांगितलं, आई, बघ, आले. तेव्हा ती..." विजयमाला थांबली. "तिला कळलं असेल का हो मी खोटं बोलतेय ते? मरताना माणसाशी खोटं बोलले मी. त्यांच्यामुळे."

"विजू, नको ना आता. पुसून घे."

"मी नाही रडत."

पण ती रडत होती. माइक चांगला होता, लाइन चांगली होती, डब्यातल्या चांदीवर कालच स्पिरिटचा बोळा फिरला होता. एकेक हुंदका जसाच्या तसा येत होता. त्यात कुणी काही मिसळत नव्हतं. तायडे दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले. सुट्टे नाहीत त्याच्याकडे, आणायला गेलाय. हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. कलावती बेशुद्धीतच गेली, असं समजून त्यांनी चार वर्षं स्वतःला झोपवलं होतं.

"तायडेजी," भँवरलालजी वळले. "स्वारी चौपड पहुँच गई."

बाजारात पारीकजी समारोप करत होते. "और अब हम आपको लिए चलते हैं छोटी चौपड़, जहाँ आपकी प्रतीक्षा कर रही हैं..." त्यांनी नाव घेतलं, ठसक्यात घेतलं, आणि ते थांबले.

तायडेंनी नॉब फिरवला. डावीकडून मध्ये आणला आणि तिथेच ठेवला.

बावीस भोंगे एकदम गप्प झाले. स्वारीच्या दिवशी भोंगे गप्प झाले की बाजार कसा वाटतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुरून बँडचा नुसता ढोल ऐकू येत होता. गच्च्यांवरच्या बायका माना वळवून भोंग्यांकडे बघू लागल्या.

"क्या हुआ? दीजिए ना," भँवरलालजी म्हणाले.

"स्विच अटक गया."

"अटक गया? कैसे अटक गया?" ते टेबलाशी आले आणि त्यांनी नॉबकडे हात नेला. तायडेंनी आपला पंजा नॉबवर ठेवला. "हाथ मत लगाइए," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण भँवरलालजींनी हात मागे घेतला. तायडे कुणाला असं बोलले होते, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

त्यांनी डाव्या हाताने टेलिफोनची मूठ एकदा फिरवली. टेलिफोनवर बोलताही यायचं, पण त्यांची खूण नुसत्या घंटीची असे. एक घंटी म्हणजे तयार राहा, दोन म्हणजे बोला. रिसीव्हर त्यांनी उचलला नाही. तो उचलून "बाई, डोळे पुसा" म्हणण्यासारखा आवाज त्यांच्यापाशी नव्हता, आणि असता तरी तिने तो ओळखला असता. मग बापाने सगळं ऐकलं हे तिला कळलं असतं, आणि ती एक शब्द बोलू शकली नसती.

हेडफोनमध्ये घंटी वाजली. "अगं, घंटी. तुझं नाव घेतलं त्यांनी," गिरिजा घाबरून म्हणाली. "पाणी, पाणी घे." ग्लास कशालातरी आपटला. विजयमालाने नाक शिंकरलं. एक हुंदका परत आलाच.

भँवरलालजी घड्याळाकडे बघत होते. "तीस सेकंड. कलेक्टर साहब नीचे बैठे हैं, तायडेजी. मेरी नाक कट जाएगी." तायडेंनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डब्याच्या झाकणाचा एक स्क्रू उगाच अर्धा सैल केला. कानात पाणी प्यायल्याचा आवाज आला, मग घसा खाकरल्याचा. "झालं," विजयमाला म्हणाली. "कशी दिसतेय?"

"छान. नाक लाल आहे जरा."

"पैंतालीस," भँवरलालजी म्हणाले.

ती तयार होती, असं तिलाही वाटत होतं. तायडेंना तसं वाटलं नाही. रडून उठल्यावर पहिला श्वास नीट जातो आणि दुसऱ्या श्वासाला घसा दगा देतो, हे त्यांना तिच्या लहानपणापासून माहीत होतं. ते थांबले. तिचा दुसरा श्वास अडखळला, तिसरा सरळ गेला, चौथाही सरळ गेला. तेव्हा त्यांनी नॉब उजवीकडे फिरवला, खट्टसुद्धा न होता, आणि टेलिफोनची मूठ दोनदा फिरवली.

"छोटी चौपड़ से मैं विजयमाला तायडे आप सबका स्वागत करती हूँ," बावीस भोंगे म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. जवळच्या भोंग्यातून तो आधी यायचा, लांबच्या भोंग्यांतून मागाहून, आणि तिचं प्रत्येक वाक्य बाजारभर चालत गेल्यासारखं वाटायचं. पालखीतल्या गौरीचं वर्णन तिने असं केलं की खालचा एक पगडीवाला म्हातारा मान हलवून "वाह" म्हणाला. माहेर सोडून निघालेली गौर, तिच्या अंगावरची लाटांच्या नक्षीची लहरिया ओढणी, तिला निरोप द्यायला उभ्या असलेल्या बायका. ती अर्धा तास बोलली आणि कुठे अडखळली नाही. तायडे खिडकीशी गेलेच नाहीत. खुर्चीत बसून दोन्ही कानांनी ऐकत राहिले, एका कानात ती आणि दुसऱ्या कानात बाजार. आनंद झाला होता आणि तो सांगायला तिथे भँवरलालजींशिवाय कुणी नव्हतं. भँवरलालजी तर त्यांच्याशी बोलत नव्हते.

स्वारी गणगौरी बाजाराकडे वळली तसे नंदकिशोरजी धापा टाकत वर आले. भँवरलालजींनी त्यांना खालीच गाठलं असावं. "तायडेजी, सवा मिनट," ते म्हणाले. "सचिवजी लिखकर माँग रहे हैं. क्या हुआ था?"

"कॉन्टॅक्ट अटक गया."

"आपने कल ही तो साफ किया था. मेरे सामने."

तायडे झाकणाचा सैल स्क्रू आवळू लागले. नंदकिशोरजी लहानपणापासून ह्या माणसाला बघत आले होते. त्यांनी डबा जवळ ओढला, नॉब डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, पुन्हा डावीकडे. नॉब लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. त्यांनी तायडेंच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या निवेदकांच्या यादीकडे, आणि पुढे विचारलं नाही.

"समिती कह रही है, अगले साल मिक्सर," ते एवढंच म्हणाले. "दिल्ली से आदमी आएगा."

"ठीक है," तायडे म्हणाले. त्यांनी तक्रारवही ओढून घेतली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं की दोष स्विचचा आहे, स्विच माझ्या हातचा आहे, निवेदिकेकडून काहीही चूक झालेली नाही. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. मग सही केली. ज्या डब्यात बिघडण्यासारखं काही नाहीच असं एकोणीस वर्षं सांगितलं, त्याच्या नावाने खोटं लिहिताना त्यांना वाईट वाटलं. डब्याने त्यांचं कधी काही वाईट केलं नव्हतं. नंदकिशोरजी वही घेऊन खाली गेले, आणि भँवरलालजी कलेक्टर साहेबांना पोचवायला गेले ते तिकडेच राहिले.

दारात चपला वाजल्या. "सचिवजी हैं?" असं विचारत विजयमाला आत आली आणि थबकली.

"बाबा."

"बस," तायडे म्हणाले आणि त्यांनी दुसरी खुर्ची रुमालाने झटकली. ती बसली नाही.

"तुम्ही होते कंट्रोलवर? मले वाटलं, तुम्ही काम सोडलं."

"सोडतोच आता."

"डोळा कसा आहे?"

"चांगला हाय. दिसते समदं."

तिचे डोळे सुजलेले होते, पण पावडर नीट लावली होती. साडीचा पदर तिने पुढून घेऊन खोचला होता. तायडेंनी नजर टेबलाकडे वळवली.

"मघा सव्वा मिनिट बंदच होतं," ती म्हणाली. "सगळे वर माझ्याकडे पाहत होते. मले वाटलं, माझंच काही चुकलं."

"तुहं नाही. डब्याचं. कॉन्टॅक्ट अटकला."

"ह्याचा?" ती पुढे झाली. शाळेत असताना दुपारच्या सुट्टीत ती दुकानात यायची आणि हाच नॉब फिरवत बसायची. आतले कॉन्टॅक्ट किती आणि कसे, हे तिला पाठ होतं. "ह्याचा कसा अटकला, बाबा?"

"जुना झाला, पोरी."

तिने नॉबवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "आईच्या वेळेस नाही अटकला."

तिला टोचायचं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिलाच ते नकोसं झालं. तायडेंनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "तवा अटकाले पायजे होता."

खाली बाजारात भोंग्यांवर आता त्रिपोलियाच्या गच्चीवरून लावलेलं नुसतं शहनाईचं गाणं चाललं होतं. विजयमाला उभीच होती. आता ती काहीतरी सांगेल असं तायडेंना वाटलं. तिचे ओठ हललेही. त्यांनी चेहरा तयार ठेवला, पहिल्यांदाच ऐकतोय असा. तो तयार ठेवणं त्यांना फार जड गेलं.

"येते मी," ती म्हणाली. "खाली गिरिजावहिनी थांबल्यात."

"घेवर?"

"नको. मळ..." ती थांबली. "नको. ऊन फार होतं."

ती दारापर्यंत गेली. तायडे उठले, पण टेबलाच्या अलीकडेच राहिले.

"विजू," ते म्हणाले. "भिंतीकडून उतर. त्या बाजूनं कठडा नाही. अन् घाई नको करू. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकव."

ती वळली नाही. चौकटीला धरून उभी राहिली आणि तिचा दुसरा हात पदराखाली पोटाशी गेला. तायडेंना वाटलं, आता ती विचारेल, आणि विचारलं तर आपण काय सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

मग ती उतरू लागली. तायडे दाराशी आले आणि अंधाऱ्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकत राहिले. एक पाऊल, मग त्याच्या शेजारी दुसरं. मग पुढची पायरी. तिच्या हातातल्या बांगड्या भिंतीला घासत खाली जात होत्या. मधल्या वळणावर ती थांबली, तेव्हा तेही श्वास धरून थांबले. मग पावलं पुन्हा सुरू झाली, तशीच सावकाश, आणि एकदाची तळाशी पोचली.

"काय गं, कोण होतं वर?" गिरिजाने विचारलं. "काय म्हणाले?"

विजयमालाने काहीतरी उत्तर दिलं. तायडे दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी कान पुढे केला, पण बाजारात शहनाई चालली होती आणि त्यांना एक शब्दही ऐकू आला नाही.